‘पोर्तुगीज’ : साडेतीन ओळींची नोंद

दातांच्या डॉक्टरांपुढे आ वासून पडलेल्या माणसाला जगातलं कुठलंच काम करता येत नाही. बोलता येत नाही, गिळता येत नाही, आणि डॉक्टर जे म्हणतील त्याला ‘नाही’ तर मुळीच म्हणता येत नाही. आठवता मात्र येतं. अनुस्वाररावांचा घात झाला तो ह्या आठवण्यामुळे.

अनुस्वारराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते शब्दकोशाच्या कचेरीत सहायक होते, आणि हे नाव त्यांना कचेरीनं दिलं होतं. असले तर कोणाच्या लक्षात येत नाहीत आणि नसले की अर्थाचा अनर्थ होतो, म्हणून अनुस्वार. त्यांना ते नाव आवडायचं. आपल्या नसण्यानं कुठेतरी काहीतरी बिघडतं, ही भावना सगळ्यांच्या नशिबी नसते. आता ते खरोखरच चार दिवस नव्हते. खालची दाढ ठणकत होती म्हणून गालाला फडकं बांधून घरी पडून होते. पाचव्या दिवशी सकाळी बायकोनं त्यांना जवळजवळ ढकलत दवाखान्यात पाठवलं.

डॉक्टरांनी सुई टोचली. अर्धा जबडा आणि दोन्ही ओठ परक्याचे झाले. मग यंत्र हातात घेऊन डॉक्टर गप्पांना लागले. डॉक्टरांना गप्पांची आवड होती, आणि समोरचा उलट बोलू शकत नसल्यानं गप्पा नेहमी रंगत.

“पुढच्या महिन्यात मी पोर्तुगालला चाललोय. आमची परिषद आहे,” डॉक्टर म्हणाले. “तुम्ही कोशवाले ना? मग सांगा बघू, हे पोर्तुगीज पोर्तुगीज म्हणतात, म्हणजे नेमकं काय हो? शब्द आला कुठून?”

अनुस्वाररावांच्या घशातून असा काही आवाज निघाला की डॉक्टरांनी यंत्रच बंद केलं.

“दुखलं?”

दुखलं नव्हतं. आठवलं होतं.

गेलं वर्षभर ते ‘प’ ह्या अक्षरावर काम करत होते. एकेका शब्दाची एकेक चिठ्ठी करायची, ती मुख्य संपादकांकडे पाठवायची आणि मंजूर झाली की खोक्यात टाकायची. मुख्य संपादकांना सगळी कचेरी मोठ्या बाई म्हणायची. बाईंचा लाल पेन्सिलीवर फार जीव होता आणि एका शब्दावर फार राग होता. तो शब्द म्हणजे ‘बहुधा’. बाई म्हणत, “लोक कोश उघडतात ते खात्री करून घ्यायला. बहुधा तर त्यांना घरीच माहीत असतं.”

आणि ‘पोर्तुगीज’ हा शब्द तर बहुधाशिवाय एक पाऊल पुढे टाकायला तयार नव्हता! पोर्तुगाल हे पोर्तुस आणि काले ह्या दोन शब्दांपासून झालं. पोर्तुस म्हणजे लॅटिन भाषेत बंदर. इथपर्यंत रस्ता पक्का. पण काले? नदीच्या मुखाशी त्या नावाची एक जुनी वस्ती होती. तिला काले का म्हणत, ह्यावर विद्वानांची तीन तोंडं तीन दिशांना. एक म्हणे टोळीचं नाव, दुसरा म्हणे ग्रीक भाषेतलं ‘सुंदर’, तिसरा म्हणे लॅटिनमधलं ‘उबदार’. अनुस्वाररावांनी सात वेळा चिठ्ठी लिहिली. सातही वेळा ‘बहुधा’ला लाल वेटोळं पडून ती परत आली. सातव्या वेळी शेजारी लिहिलं होतं, “नीट शोधा.”

नीट शोधा! तीस वर्षं शोधण्यात घालवलेल्या माणसाला! त्या दुपारी त्यांच्या आत काहीतरी फुटलं. त्यांनी कोरी चिठ्ठी ओढली आणि सुवाच्य अक्षरात एक नोंद लिहिली. ती मनातली नोंद होती. लिहून झाल्यावर त्यांना इतकं हलकं वाटलं की ती फाडायची ते विसरले. आणि नेमकी त्याच संध्याकाळी दाढ ठणकायला लागली.

आता खुर्चीत पडल्यापडल्या एकेक गोष्ट समोर येत गेली. मोठ्या बाई हे चार दिवस परगावी, आज दुपारी परतायच्या. चिठ्ठी टेबलावर, मंजूर चिठ्ठ्यांच्या खोक्याला अगदी खेटून. टंकलेखिका अशी की समोर येईल ते टंकते. तिच्यापुढे धोब्याची यादी ठेवली असती तर तीही कोशात गेली असती. मुद्रितं तपासणारे गृहस्थ एकेक अक्षर मूळ चिठ्ठीशी ताडून पाहत, पण अर्थाशी त्यांचं कधीच देणंघेणं नव्हतं. आणि ‘प’चा खंड ठरल्याप्रमाणे काल छापखान्यात गेला होता.

अनुस्वारराव गळ्यातल्या कागदी रुमालासकट उठले.

“अहो, दाढ अर्धी उघडी आहे!” डॉक्टर ओरडले.

पण अनुस्वारराव जिन्यावर पोचलेसुद्धा होते.

रस्त्यावर आल्यावर त्यांनी बायकोला फोन केला. संकटात बायकोला फोन करावा हे बरोबरच. फक्त त्याआधी आपले ओठ जागेवर आहेत की नाहीत ते पाहायला हवं होतं. प, फ, ब, भ, म ही मंडळी ओठ मिटल्याशिवाय बाहेर पडत नाहीत, आणि त्यांचे ओठ मिटायला तयार नव्हते. तीस वर्षं वर्णमालेचं मीठ खाल्लेल्या माणसाला अख्खा एक वर्ग ऐन वेळी सोडून गेला होता.

“ही छाहखान्यात चाललोय,” ते म्हणाले. “हाईंनी हान हाहिलं तर ही हेलो!”

“हॅलो!” बायको म्हणाली. “हॅलो, बोला ना!”

“हेलो, हेलो!”

“अहो, येतंय ऐकू, बोला की पुढे! आणि असे काय बोलताय? जीभ का जड झालीय तुमची?”

त्यांनी आणखी स्पष्ट सांगायचा प्रयत्न केला. त्यानं प्रकरण आणखी चिघळलं. पलीकडून बायकोचा घाबरलेला आवाज आला, “खालच्या वहिनी! अहो, लवकर या, ह्यांचं बघा कसं होतंय!” आणि फोन बंद झाला.

छापखाना तिथून दहा मिनिटांवर होता. अनुस्वारराव सहा मिनिटांत पोचले. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं हात आडवा घातला.

“कोणाकडे?”

“होर्तुगीज.”

“होर्डिंग का? होर्डिंगवाले मागच्या गल्लीत.”

“होर्तुगीज! ‘ह’चा खंड!”

पहारेकऱ्यानं त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. गळ्यात कागदी रुमाल, हनुवटीवर ओघळ, डोळे भेदरलेले. त्याच्या चेहऱ्यावर जी दया उमटली ती अनुस्वाररावांना सगळ्यात जास्त लागली. आपण एका शब्दकोशाचे जाणते सहायक आहोत हे सांगावं असं त्यांना फार वाटलं, पण त्या वाक्यातही एक ब होता आणि एक म अटळ होता. शेवटी त्यांनी खिशातल्या कागदावर लिहून दाखवलं. पहारेकऱ्यानं ते वाचलं, दार उघडलं, आणि वर “सावकाश जा हं, काका” असं मोठ्यानं, बहिऱ्याशी बोलावं तसं म्हणाला.

आत यंत्रांची धडधड चालली होती. तिच्यात अनुस्वाररावांची स्वतःची धडधड मिसळून गेली. फोरमननं शांतपणे गठ्ठा उलगडला आणि पान चारशे बारा त्यांच्यापुढे धरलं.

तोपर्यंत थोडी आशा होती. कदाचित चिठ्ठी टेबलाखाली पडली असेल. कदाचित झाडूवाल्या मावशींनी तिचं कल्याण केलं असेल. अनुस्वाररावांनी एक डोळा मिटला आणि दुसऱ्या डोळ्यानं पाहिलं. ‘पोर्तुगाल’च्या खाली आणि ‘पोलाद’च्या वर, सुंदर ठसठशीत टायपात, साडेतीन ओळी उभ्या होत्या. एकही शुद्धलेखनाची चूक नव्हती. तेवढंच एक समाधान.

“काय चुकलंय?” फोरमननं वाकून पाहिलं.

अनुस्वाररावांनी झटकन पंजा पानावर ठेवला.

“आम्ही वाचत नाही हो, छापतो,” फोरमन जरा दुखावून म्हणाला. “वाचत बसलो असतो तर आत्तापर्यंत वेड लागलं असतं. हे बघा, चार वाजता ह्याची प्लेट मशीनवर चढणार. बदल हवा असेल तर साडेतीनच्या आत आणा. ओळी तेवढ्याच हव्यात. साडेतीन म्हणजे साडेतीन. एक शब्द वाढला की सगळं पान खाली सरकतं, पान सरकलं की पुढचा खंड सरकतो. आणि दुरुस्तीपत्र लागेल, दोन प्रतींत, मुख्य संपादकांच्या सहीचं.”

“हुख्य संहादकांच्या?”

“हां. त्यांच्याशिवाय मी एक टिंबही हलवत नाही.”

बाईंपासून लपवायच्या ओळी काढायला बाईंचीच सही! हे ऐकून अनुस्वाररावांना एकदम शांत वाटलं. आता काहीच करता येण्यासारखं उरलेलं नाही असं कळलं, की माणसाला जशी शांतता वाटते तशी. ती साधारण कोपऱ्यावरच्या दिव्यापर्यंत टिकली. तिथे त्यांना बायको दिसली; ‘छाहखान्यात’ एवढ्यावरून तिनं छापखाना ताडला होता. तिच्यासोबत वरचे काका होते.

वरचे काका म्हणजे त्यांच्या डोक्यावरच्या घरात राहणारे निवृत्त नोंदणी अधिकारी. जन्म, मृत्यू, विवाह, खरेदी, सगळं त्यांच्या शिक्क्याखालून गेलेलं. निवृत्त झाल्यापासून शिक्का गेला होता, सल्ला उरला होता.

“हसा!” बायको लांबूनच ओरडली.

“काय?”

“हसा म्हणते ना! खालच्या वहिनींनी सांगितलंय, झटका आला असेल तर तोंड वाकडं होतं. हसून दाखवा आधी!”

अनुस्वाररावांनी हसायचा प्रयत्न केला. एका बाजूला ओठ बधिर होते आणि दुसऱ्या बाजूला भीती होती. जे काही तयार झालं ते पाहून बायकोनं काकांचा दंडच पकडला.

शेवटी एका दुकानाच्या पायरीवर बसून त्यांनी सगळं कागदावर लिहून काढलं. बायको वाचत गेली. झटका नाही हे कळल्यावर तिच्या जिवात जीव आला, आणि पुढच्याच क्षणी तिचा चेहरा निराळाच झाला.

“म्हणजे बाईंबद्दल वाईटसाईट लिहिलंत? तुम्ही? काय लिहिलंत?”

ते मात्र त्यांनी लिहून दाखवलं नाही.

“हे बघा,” काका म्हणाले, “घाबरायचं कारण नाही. सही घेणं ही एक कला आहे. कागद एकटा न्यायचा नाही. दहा-बारा कागदांच्या मध्ये घालायचा, वरून सातवा. सहाव्या कागदापर्यंत माणूस वाचतो, सातव्याला दमतो. माझ्या उभ्या नोकरीत असंच चालायचं.”

“तुम्ही घेताना की देताना?” बायकोनं विचारलं.

काकांनी ह्या प्रश्नाची नोंद घेतली नाही.

कचेरीत पोचले तेव्हा दोन वाजून गेले होते. मोठ्या बाई आपल्या खोलीत आल्याचं काचेतून दिसलं. नुसता त्यांचा अंबाडा दिसताच अनुस्वारराव दारातच खाली बसले. ते वाकून, कपाटांच्या आडोशानं संदर्भाच्या खोलीत शिरले. बायको आणि काका दारावर पहाऱ्याला बसले.

आधी नवा मजकूर हवा होता. आणि इथे एक विचित्र गोष्ट घडली. कान पावलांच्या आवाजाकडे लागले होते, पण तो शब्द समोर आला आणि अनुस्वारराव त्यात गुंतत गेले. त्यांना वाटलं होतं, सात चिठ्ठ्यांनंतर ह्यात आता काही उरलं नसेल. पण पोर्तुगीजमधल्या शेवटच्या ‘ईज’कडे त्यांनी कधी नीट पाहिलंच नव्हतं. त्याचं मूळ लॅटिनमधल्या एका प्रत्ययात. अर्थ, त्या जागचा, तिथला.

“म्हणजे आपला ‘कर’!” दारातून मान घालून काका म्हणाले. “पोर्तुगीज म्हणजे बंदरकर! मग सरळ तसंच लिहा की!”

कोशात तसं लिहिता येत नाही, पण गोष्ट खरी होती. अनुस्वारराव पानामागून पान उलटत गेले. ह्या बंदरकरांचं नाव किती ठिकाणी चिकटलं होतं! पूर्वेकडच्या कितीतरी भाषांत संत्र्यालाच त्यांच्या देशाचं नाव होतं. आणि आपल्या घरात? दाराला बिजागरी, कुलपाला चावी, मोरीत बादली, महिन्याअखेर पगार, आणि काही बरंवाईट केलं तर तुरुंग, हे सगळे शब्द त्यांच्याच गलबतांतून उतरलेले. शेवटच्या शब्दापाशी आल्यावर अनुस्वाररावांनी पुस्तक मिटलं.

बंदर पक्कं, ‘कर’ पक्का. काले तेवढं अधांतरी. त्यांनी लिहिलं, खोडलं, ओळी मोजल्या, पुन्हा लिहिलं. कसंही फिरवलं तरी त्या जागी ‘बहुधा’ येऊन बसत होतं. तीन वाजायला पाच मिनिटं होती. ‘बहुधा’ तसाच ठेवून त्यांनी दुरुस्तीपत्र भरलं.

दुरुस्तीपत्राला दोन रकाने असतात, ‘छापलेला मजकूर’ आणि ‘हवा असलेला मजकूर’. पहिल्या रकान्यात त्यांनी ‘सोबत जोडल्याप्रमाणे’ असं लिहिलं आणि सोबत काहीच जोडलं नाही. मग ते पत्र बारा कागदांत वरून सातवं घातलं. रजेचा अर्ज, टाचण्यांची मागणी, पंख्याच्या दुरुस्तीची तक्रार, जे हाताला लागेल ते. शाईच्या बाटल्यांच्या मागणीखाली आपली नोकरी दडवून ते बाईंच्या दारात उभे राहिले.

“या,” बाई म्हणाल्या. “दाढ कशी आहे?”

“हरी आहे.”

बाईंनी गठ्ठा घेतला. पहिला कागद वाचला, सही केली. दुसरा वाचला, त्यातली वेलांटी दुरुस्त केली, सही केली. तिसरा उलटून मागची बाजूही पाहिली. काकांचा शोध आयुष्यात कधी मोठ्या बाईंवर तपासलेला नव्हता हे उघड होत होतं. सहावा कागद त्यांनी पहिल्याइतक्याच ताजेपणानं वाचला. सातव्यावर त्या थांबल्या.

“पोर्तुगीज,” त्या म्हणाल्या.

अनुस्वाररावांनी खुर्चीची पाठ धरली.

“पहिल्या रकान्यात ‘सोबत जोडल्याप्रमाणे’, आणि सोबत काहीच नाही. जुना मजकूर कुठाय?”

“तो... तो काही हहत्त्वाचा नाही, हाई.”

“जुना आणि नवा मजकूर शेजारी ठेवल्याशिवाय मी सही करत नाही. तुम्हाला माहीत आहे. पान आहे ना तुमच्याकडे?”

छापखान्यातून आणलेलं पान खिशात होतं. ते बाहेर काढताना त्यांनी ते जमेल तेवढं चुरगाळलं, पण छपाई पक्की होती. बाईंनी ते हातात घेतलं नाही. “वाचा,” त्या डोळे मिटून म्हणाल्या. त्यांची ती पद्धतच होती. डोळा चूक झाकतो, कान झाकत नाही, असं त्या म्हणत.

अनुस्वाररावांनी दाराकडे पाहिलं. दारात बायको उभी होती आणि तिच्या खांद्यावरून काका डोकावत होते. पळायला वाट नव्हती. त्यांनी वाचायला सुरुवात केली.

“होर्तुगीज. होर्तुगाल देशाचा रहिवासी, तेथील हाषा. होर्तुस हणजे हंदर, अधिक काले. काले हणजे काय ते कोणालाच ठाऊक नाही...”

“पुढे.”

“होठ्या हाईंना विचारावे.”

“कोणाला?”

“होठ्या हाईंना.”

“नीट बोला हो, मोठ्या कोणाला?”

आणि डॉक्टरांच्या औषधानं नेमका तोच क्षण निवडला. ओठांत मुंग्या आल्या, ओठ मिटले, आणि गेले चार तास बेपत्ता असलेला प-वर्ग एकदम परत आला. अनुस्वाररावांच्या तोंडून घंटेसारखे शब्द बाहेर पडले.

“मोठ्या बाईंना विचारावे, आपल्याला ठाऊक नाही असे जगात काही असते, हे त्यांना अजून कोणी सांगितलेले नाही.”

बाहेर टंकलेखिकेचं यंत्र थांबलं. दारातून बायकोचा आवाज आला, अगदी हळू, पण नवरा पहिल्यांदाच पाहत असल्यासारखा, “अगं बाई! हे तुम्ही लिहिलंत?”

आमटी अळणी झाली तर मीठ मागायला बिचकणाऱ्या माणसाकडे ती पाहत होती.

मोठ्या बाईंनी डोळे उघडले. त्या अनुस्वाररावांकडे पाहत नव्हत्या. त्यांनी टेबलाचा खालचा खण ओढला आणि चिठ्ठ्यांचं एक पुडकं काढून पुढे टाकलं.

“मोजा,” त्या म्हणाल्या.

अकरा होत्या. प्रत्येकीवर बाईंच्या अक्षरात ‘काले’ लिहिलेलं होतं, त्याखाली काहीबाही लिहून खोडलेलं होतं. काही ठिकाणी लाल पेन्सिलीनं कागद फाटेपर्यंत गिरवलेलं होतं.

“मला सापडलं नाही,” बाई म्हणाल्या. “म्हणून तुमच्याकडे परत पाठवत होते. वाटलं, ह्या कचेरीत कोणाला सापडलं तर तुम्हालाच सापडेल. सात वेळा वाटलं.”

अनुस्वाररावांचे ओठ आता चालत होते, पण त्यांचा उपयोग नव्हता.

“मग तुम्ही सांगितलं का नाहीत, बाई?” हे त्यांची बायको म्हणाली. तिला त्या खोलीची भीती वाटायचं काही कारण नव्हतं.

“काय सांगू? मला माहीत नाही म्हणून?” बाई म्हणाल्या. “अहो, ह्यांना माझी भीती वाटते, तशी मला बाहेर कोश उघडून बसलेल्यांची वाटते. त्यांच्यातला कोण कधी पत्र लिहील, सांगता येतं का? बहुधा लिहिलं की ते म्हणणार, एवढा पगार घेऊन एवढंच?”

काका खाकरले. “तीन दहा झाले.”

बाईंनी कागद ओढून घेतला. नवा मजकूर वाचला, ओठांनी मोजला. लाल पेन्सिल ‘बहुधा’वर गेली आणि तिथेच थबकली. कितीतरी वेळानं पेन्सिल वर उचलली गेली. वेटोळं पडलं नव्हतं.

“राहू दे,” त्या म्हणाल्या, आणि पुढे ‘मूळ अनिश्चित’ हे दोन शब्द स्वतः लिहिले. “बसतंय साडेतीन ओळींत?”

“बसतंय, बाई. ‘जुनी’ काढलं की बसतंय.”

“काढा. वस्ती आहे म्हणजे जुनीच असणार.”

अनुस्वाररावांना वाटलं, सुटलो. त्यांनी पत्रासाठी हात पुढे केला.

“थांबा. पहिला रकाना राहिला.” बाईंनी पेन काढलं, चुरगाळलेलं पान टेबलावर सपाट केलं आणि पहिल्या रकान्यात जुनी नोंद सावकाश उतरवायला सुरुवात केली. एकही अक्षर गाळलं नाही. ‘मोठ्या बाईंना विचारावे’ हे शब्द स्वतःच्या हातानं, विरामचिन्हांसकट.

“बाई, हे... हे लिहायलाच हवं का?”

“दुरुस्तीपत्रं कायम जपून ठेवायची असतात. नियमच आहे.”

“अगदी बरोबर,” काका म्हणाले. “आणि साक्षीदाराची सही लागते.” त्यांनी ती विचारायच्या आतच केली, तारीख घातली आणि शिक्का मारायला खिशाकडे हातही नेला. तेवढ्यात शिक्का नसल्याचं त्यांना आठवलं.

दोन्ही प्रतींत उतरवून होईपर्यंत तीन वीस झाले. अनुस्वारराव पळत सुटले. त्यांच्यामागे बायको, तिच्यामागे गुडघे धरत काका. पहारेकऱ्यानं ही वरात येताना पाहिली आणि ह्या वेळी काही न विचारता दार उघडलं. अनुस्वारराव आत शिरले. मशीन सुरू होतं. कागद भराभर आत जात होते आणि पलीकडे छापून पडत होते.

“थांबवा!” ते किंचाळले. प-वर्गातलं अक्षर असूनही शब्द धडधाकट निघाला.

“काय थांबवा?” फोरमन म्हणाला. “ते साबणाचं वेष्टन आहे. तुमचं चार वाजता.” त्यानं दुरुस्तीपत्र घेतलं, फक्त सही पाहिली, ओळी मोजल्या आणि कागद खिशात घातला. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं कागद पुन्हा काढून पहिला रकाना वाचला. वाचणारा नव्हता तो, पण वाचला.

“हे तुम्ही लिहिलंत?” त्यानं विचारलं.

अनुस्वाररावांनी मान खाली घातली.

“आणि त्यांनी सही केली?” फोरमननं मान हलवली. “कमाल आहे.” त्यातली कमाल नेमकी कोणाची, हे त्यानं सांगितलं नाही. पण चार वाजून दहा मिनिटांनी त्यानं पहिला कागद स्वतः आणून अनुस्वाररावांच्या हातात ठेवला. पोर्तुगालच्या खाली आणि पोलादच्या वर नवी नोंद होती, तिच्यात त्या कोशातला पहिला ‘बहुधा’ होता, आणि तो तिथे अगदी घरच्यासारखा बसला होता.

त्या दिवशी घरी जाताना बायको दोनदा आपल्याशीच हसली. तिसऱ्यांदा म्हणाली, “माझ्यावर कधी लिहिलीत का हो अशी एखादी नोंद?” अनुस्वाररावांनी शपथेवर नाही म्हणून सांगितलं. तिचा त्यावर विश्वास बसला की ती हिरमुसली, हे त्यांना कळलं नाही, आणि विचारायची हिंमत त्यांनी त्या दिवसापुरती संपवलेली होती.

दुसऱ्या दिवशी ते कचेरीत गेले ते निरोपाच्या चिठ्ठीची तयारी ठेवूनच. सकाळभर कोणी बोलावलं नाही. तेच जास्त भीतीदायक होतं. साडेअकराला मोठ्या बाई स्वतः चालत त्यांच्या टेबलापाशी आल्या. अशा त्या कधी येत नसत. सगळ्या कचेरीनं कागदांत माना खुपसल्या. बाईंनी एक रिकामं खोकं त्यांच्यापुढे ठेवलं. त्यावर ‘फ’ लिहिलेलं होतं.

“‘प’ झाला. आता हे घ्या,” त्या म्हणाल्या. “पण पहिल्यापासून नको. आधी ‘फिरंगी’ करा. जुन्या कागदांत पोर्तुगीजांना फिरंगीच म्हणत, तेव्हा ही तुमचीच माणसं. त्याचं मूळ शोधा आणि उद्या संध्याकाळपर्यंत चिठ्ठी द्या.”

“हो, बाई,” अनुस्वारराव म्हणाले. मग त्यांना राहवलं नाही. “आणि मूळ नाही सापडलं तर... ‘बहुधा’ चालेल ना?”

बाई दारापर्यंत गेल्या होत्या. तिथून त्या वळल्या आणि गेल्या तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्याकडे पाहून हसल्या.

“नाही चालणार,” त्या म्हणाल्या. “ह्याचं मूळ मला माहीत आहे.”